पाणी फिरलं की नांगर सुटतो? मला लागू पडलेला उपाय

जयगडच्या खाडीत शिडाची होडी घेऊन एकटा मुक्काम करायचो. उधाणाच्या दिवसांत पाणी फिरलं, म्हणजे भरती-ओहोटीचा प्रवाह उलटला, की होडी उलटी वळायची आणि नांगर उपटून घसरत जायची. जड नांगर लावला, दोर वाढवला, फरक नाही. तीन रात्री जागून काढल्या.

शेवटी दोन नांगरांनी जमलं. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढली (पौर्णिमेला १५ चे सव्वाअकरा, म्हणजे ११ वाजून १५ मिनिटं). ओहोटी नुकती लागल्यावर नाळ (होडीचं पुढचं टोक) प्रवाहाकडे धरून पहिला नांगर टाकला. भरतीच्या खोलीच्या १० पट दोर सोडत मागे वाहत गेलो. मग होडीच्या मागून दुसरा टाकला, त्याचा दोर बाहेरून नाळेवर आणला आणि पहिल्याचा निम्मा दोर ओढून घेतला. दोन्ही दोर नाळेवरच बांधा; एक मागे बांधलात तर होडी प्रवाहाला आडवी येते. आता ती जागच्या जागी फिरते. सकाळी दोरांना पडलेला पीळ तेवढा सोडवतो.