परदेशी स्मारक नाणं घेताय? या चुका टाळा

पॅसिफिक महासागरातल्या नियुए बेटावर दोन हजारही माणसं राहत नाहीत आणि तिथल्या व्यवहारात न्यूझीलंडचा डॉलर चालतो. तरी 'नियुए, २ डॉलर' असं कोरलेली चांदीची नाणी जगभरचे संग्राहक विकत घेतात. पॅसिफिकमधल्याच तुवालू या देशाची अशी पुष्कळ नाणी ऑस्ट्रेलियात पर्थच्या टाकसाळीत पडतात, सोमालियाची हत्तीची नाणी जर्मनीत. ही नाणी खोटी नव्हेत, कायद्याने चलनच आहेत. फक्त ती खर्चायला काढलेलीच नसतात.

म्हणून दर्शनी किमतीवर जाणं ही पहिली चूक. नियुएच्या २ डॉलरच्या नाण्यात एक औंस, म्हणजे ३१.१ ग्रॅम चांदी असू शकते. एखाद्या देशाचं १ डॉलरचं नाणं मात्र तांबं-निकेलचं, वर चांदीचा नुसता मुलामा. आकडा पाहून काहीच कळत नाही. वजन आणि शुद्धता वाचा: ९९९ (हजारात ९९९ भाग चांदी), ९२५ की 'प्लेटेड', म्हणजे नुसता मुलामा? आपल्याकडेही तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या सहस्राब्दीनिमित्त निघालेलं १,००० रुपयांचं नाणं शुद्ध चांदीचं नाही, ८० टक्के चांदीचं आहे.

सोन्याच्या बाबतीत तर फोटोवर मुळीच विश्वास ठेवू नका. पलाऊ, कुक बेटं या पॅसिफिकमधल्याच देशांच्या नावाने अर्ध्या ग्रॅमची नाणी निघतात. व्यास जेमतेम ११ मिलिमीटर, शर्टाच्या गुंडीएवढा. पडद्यावर मात्र ते तळहाताएवढं दिसतं.

'फक्त ५,००० नग' हेही नीट वाचा. तो आकडा बहुधा एका चित्रापुरता असतो आणि त्याच मालिकेत पुढे आणखी चित्रं येत राहतात. विकायची वेळ आली की सराफ मोडीचा भाव देतो, नक्षीचे पैसे तो कशाला देईल? डबी आणि प्रमाणपत्र जपलंत तर संग्राहकाकडे जाता येईल.

सगळ्यात जिवाला लागते ती घासण्याची चूक. चिंच, टूथपेस्ट, रांगोळी, काहीही नको. प्रूफ नाण्याचा, म्हणजे खास चकाकी देऊन पाडलेल्या नाण्याचा, आरशासारखा पृष्ठभाग एकदा ओरखडला की पूर्ववत होत नाही. मऊ पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटात ठेवून हिरवट चिकट थर आला असेल, तर शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून, न चोळता सुकू द्या. खिडकी उघडी ठेवा, गॅसपासून लांब बसा. नेलपॉलिश रिमूव्हर चालणार नाही, त्यात इतर द्रव्यं असतात. चांदीवर दुधासारखे पांढरे डाग आले असतील तर त्यांच्या मागे लागू नका. त्यांवर खात्रीचा उपाय नाही. नाणं तसंच कॅप्सूलमध्ये, म्हणजे त्याच्या प्लास्टिकच्या गोल डबीत, राहू द्या.