रायफलीसाठी काडतूस निवडताय? या चुका टाळा

बेळगावात बंदुकीचा विषय निघाला की शेजारी एखादा मिलिटरी पेन्शनर असतोच. मराठा लाइट इन्फंट्रीचे सेंटर इथलेच. खानापूर, निपाणीकडच्या गावागावांत एसएलआर आणि इन्सास या फौजेच्या रायफली चालवलेला काका किंवा मामा हमखास भेटतो. त्यांच्याकडून शिस्त शिकावी, श्वास रोखायला शिकावे. पण 50 मीटरच्या रेंजवर नव्याने येणाऱ्या पोरांची जी चूक मी सगळ्यात जास्त वेळा दुरुस्त केली आहे, ती याच गप्पांतून येते. ‘सेव्हन-सिक्स-टूचा दणका बघितलास तर बावीसला हात लावणार नाहीस’ हे वाक्य (सेव्हन-सिक्स-टू म्हणजे 7.62 मिमीचे मोठे काडतूस, बावीस म्हणजे .22 चे छोटे) डोक्यात बसते, आणि पोरगा काडतूस दणक्यावरून तोलायला लागतो.

फौजेनेही काडतूस नुसत्या दणक्यावरून निवडलेले नाही. 5.56 मिमीचा एक राउंड साधारण 12 ग्रॅमचा, 7.62×51 चा त्याच्या दुप्पट. म्हणजे तेवढ्याच ओझ्यात जवानाला दुप्पट राउंड नेता येतात, आणि इन्सास 5.56 मध्ये येण्यामागे हाही हिशेब होता. पुढे लांबचा पल्ला आणि मार हवा म्हणून 2019 मध्ये 7.62 च्या सिग-716 रायफलींची खरेदी झाली. गरज बदलली तसे काडतूस बदलले. तुमची गरज कागदावरची आहे. 50 मीटरवर दहाचे वर्तुळ 10.4 मिमीचे, म्हणजे करंगळीच्या नखाएवढे. तिथे .22 लाँग रायफलच चालते, आणि याच काडतुसावर राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 ला पॅरिसमध्ये ब्राँझ आणले. 300 मीटरच्या स्पर्धेत 8 मिमीपर्यंतच्या रायफलीला मुभा आहे. तरीही तिथले चांगले नेमबाज बहुतेक 6 मिमीचेच काडतूस वापरतात, कारण धक्का कमी आणि ग्रुप घट्ट, म्हणजे गोळ्या कागदावर एकमेकींजवळ लागतात.

‘बोअर’ शब्दाने फसू नका

आपल्याकडे दुकानात सगळ्यालाच बोअर म्हणतात: बावीस बोअर, तीनशे पंधरा बोअर, बारा बोअर. पहिल्या दोन आकड्यांत इंचाचा भाग मोजलेला असतो, .22 म्हणजे 5.6 मिमी आणि .315 म्हणजे 8 मिमी. बारा बोअरचा हिशेब उलटा आहे. नळीत बसेल अशा मापाच्या शिशाच्या गोल गोळ्या एका पौंडात बारा होतात, म्हणून बारा. सोळा बोअरची नळी त्यामुळे बारापेक्षा लहान. तसेच .22 मॅग्नम आणि .22 लाँग रायफल ही वेगवेगळी काडतुसे आहेत. एकाच्या रायफलीत दुसरे घालायचे नाही. नळीवर कोरलेले आणि डब्यावर छापलेले नाव अक्षरशः जुळले पाहिजे.

जास्त वेग म्हणजे वारा कमी लागतो?

गेल्या पावसाळ्याआधी खानापूरच्या एका पोराने विचारले, “सर, हाय व्हेलॉसिटीच घेऊ की? जोरात जाते ती, वारा काय लागणार तिला.” ऐकायला बरोबर वाटते, पण .22 मध्ये नेमके उलटे होते, आणि हे समजून घेण्यासारखे आहे.

हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे 340 मीटर. स्टँडर्ड .22 ची गोळी 320 ते 330 ने सुटते, म्हणजे आवाजाच्या जरा खालीच. हाय व्हेलॉसिटी 370-380 ने सुटते आणि वाटेत आवाजाचा वेग ओलांडून खाली येते. त्या टप्प्यात हवेचा अडथळा फार वाढतो आणि गोळी भराभर मंदावते. आडवा वारा गोळीला किती ढकलणार हे गोळी किती वेळ हवेत राहिली एवढ्यावर ठरत नाही. हवेच्या अडथळ्यामुळे तिला किती उशीर झाला, त्यावर ते ठरते. जोरात सुटून लवकर दमलेल्या गोळीला हा उशीर जास्त होतो. म्हणून आषाढात घाटाकडून येणाऱ्या वाऱ्यात हाय व्हेलॉसिटी जास्त सरकते. स्पर्धेची महागडी काडतुसे मुद्दाम आवाजाच्या वेगाखाली ठेवतात, ती यासाठीच.

हाय व्हेलॉसिटीचा फायदा एवढाच, की लांबवर ती कमी खाली येते. 50 मीटरला झीरो केलेली, म्हणजे तिथे नेम बरोबर बसेल अशी लावलेली, स्टँडर्ड .22 शंभर मीटरवर जवळजवळ वीतभर खाली पडते. पण 50 वरच खेळणाऱ्याला त्याचे काय करायचे?

ग्रुप अचानक फुटला

परवापर्यंत दहा-दहा येत होते, आज आठ-नऊ. पोरे लगेच नेम धरायची साइट फिरवायला लागतात. आधी डबा बघा. ब्रँड किंवा लॉट (कारखान्यातली एका वेळची खेप) बदलला का? .22 च्या गोळीवर मेणाचा किंवा ग्रीसचा थर असतो आणि नळीत आधीच्या काडतुसाचा थर बसलेला असतो. नवीन काडतूस दहा-वीस राउंड चालल्याशिवाय स्थिरावत नाही. तीन गोळ्या झाडून ‘हे बेकार’ म्हणणे चूक आहे. आधी नळी बसू द्या, मग पाच-पाचचे निदान चार ग्रुप घ्या आणि सगळे कागद जपून ठेवा.

एकाच कंपनीच्या एकाच नावाच्या दोन लॉटमध्येही फरक पडतो, आणि एका नळीला आवडलेला लॉट शेजारच्या नळीला आवडेलच असे नाही. मोठे नेमबाज इले किंवा लापुआ या काडतूस कंपन्यांच्या टेस्ट रेंजवर आपली रायफल नेऊन लॉट निवडतात. आपल्याला ते परवडणार नाही. पण दोन-तीन लॉटचे एकेक डबे आणून तपासणे, आणि पटला त्या लॉटचे परवान्यातल्या कोट्यात बसतील तेवढे एकदम घेणे, एवढे जमते. मी स्वतः एकदा स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी लॉट बदलला होता. पहिले वीस शॉट साइट शोधण्यात गेले आणि ती स्पर्धा तिथेच संपली.

गोळ्या सतत खाली-उजवीकडे जात असतील तर काडतुसाला दोष देण्याआधी स्वतःला तपासा. मित्राला भरायला सांगा, मध्येच एखादे डमी, म्हणजे बार न होणारे काडतूस, घालायला सांगा. डमीवर नळी हलली तर तुम्ही धक्क्याला घाबरून ट्रिगर हिसकताय. मोठ्या बोअरवर सुरुवात केलेल्यांना ही खोड हमखास लागते, आणि ती घालवायला .22 वरच यावे लागते. मात्र .22 रिकाम्या चेंबरवर (काडतूस बसते त्या जागेवर) ‘टक-टक’ करू नका. फायरिंग पिन चेंबरच्या काठावर आपटून खाच पडते. स्नॅप कॅप, म्हणजे सरावाचे खोटे काडतूस, वापरा.

टक झाले, आवाज नाही

नळी टार्गेटकडेच ठेवा, 30 सेकंद थांबा, मगच बोल्ट उघडा. आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर लगेच थांबा. गोळी नळीत अडकली असू शकते. रायफल रिकामी करून नळीतून आरपार उजेड दिसल्याशिवाय पुढचा राउंड भरायचा नाही, मॅचची वेळ संपत असली तरी.

सीमेवरची चूक

निपाणीहून कोल्हापूरच्या रेंजवर जाणे हे आपल्याला शेजारच्या गल्लीत गेल्यासारखे वाटते. पाहुणे तिकडे, बाजार तिकडे. पण सीमेवरची कोगनोळी ओलांडली की कर्नाटक संपून महाराष्ट्र लागतो, राज्य बदलते. परवान्यावर तो कोणत्या क्षेत्रापुरता चालतो हे लिहिलेले असते. रायफल गाडीत ठेवण्याआधी ती ओळ वाचा. काडतुसांचा बोअर आणि वर्षाचा कोटाही तिथेच असतो. कोल्हापुरात कुणी प्रेमाने “दादा, चार डबे घेऊन जा” म्हटले तरी परवान्यावर नोंद न होणारे काडतूस घेऊन परत यायचे नाही.