रणगाड्याची तारदोरी तांब्यातून

शर्मन रणगाड्याच्या १:१६ मॉडेलवर किटमधली प्लास्टिकची दोरी मला बघवत नाही. खरी तारदोरी, म्हणजे रणगाडा ओढायचा पोलादी दोर, २० मिमी जाड धरली, तर आपल्याला सव्वा मिमी हवी.

मुंबईच्या लोहार चाळीतून मल्टिस्ट्रँड वायर (आत तांब्याच्या अनेक बारीक तारा असलेली) आणा, सोला. ०.२ मिमीच्या तीन-तीन तारांचे सात पेड वळा. एक मधे, सहा भोवती. एक टोक खिळ्याला, दुसरं हँडड्रिलमध्ये, ताण न सोडता सावकाश पिळा. पेडांचा पीळ एकीकडे, दोरीचा उलटा, म्हणजे ती उसवत नाही. गॅसवर क्षणभर लाल केली की मऊ पडते, डेकवर खऱ्यासारखी लोळते.

काजळी पुसून प्रायमर, वर काळपट तपकिरी. सुकल्यावर पेन्सिलचं शिसं बोटाने घासा: उंचवट्यांवर पोलादी झाक येते, खाचा काळ्याच राहतात. मॅट वार्निश मात्र पावसाळ्यात नको. गिरगावच्या दमट हवेत माझा अख्खा टरेट (तोफेचा फिरता घुमट) पांढुरका पडला होता.