वॉरक्राफ्ट क्लासिक: कोणतं प्रोफेशन धरावं, कोणतं सोडावं

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक’ या ऑनलाइन गेममध्ये एका कॅरेक्टरला मुख्य प्रोफेशनं (माल गोळा करण्याचे किंवा वस्तू बनवण्याचे धंदे) दोनच मिळतात. कुकिंग, फिशिंग आणि फर्स्ट एड या हिशेबात धरत नाहीत, ती तिन्ही बिनधास्त शिका. मुख्य दोनांतलं एखादं सोडलं की त्याचं स्किल आणि शिकलेल्या रेसिपी दोन्ही जातात. उद्या तेच परत घेतलं तरी सुरुवात १ पासून. इथे दिलेलं गणित ६० लेव्हल आणि ३०० स्किलच्या मूळ क्लासिकचं आहे, पुढच्या एक्स्पान्शनमध्ये ते बदलतं.

बहुतेकांची निवड चुकते, कारण ते सगळ्यात भारी वस्तू कुठल्या प्रोफेशनमध्ये बनते एवढंच बघतात. बघायला हवं ते गिऱ्हाईक पुन्हा येतं का. ब्लॅकस्मिथिंगमधलं लायनहार्ट हेल्म घ्या. त्याला ८० थोरियम बार, १२ आर्केनाइट बार, ४० विकेड क्लॉ, १० ब्लू सफायर आणि ४ अझेरोथियन डायमंड लागतात. एवढा माल बहुधा गिऱ्हाईकच गोळा करून आणतं, तुमच्या हाती पडते ती टिप, आणि ते हेल्म एकदा डोक्यावर चढलं की तो वॉरियर तुमच्याकडे फिरकत नाही. प्लॅनसाठी (ब्लॅकस्मिथिंगच्या रेसिपीसाठी) ओतलेलं गोल्ड वसूल व्हायला फार वेळ लागतो. पोशनचं (प्यायच्या औषधाचं) तसं नाही. रेडमध्ये, म्हणजे मोठ्या गटाच्या मोहिमेत, प्यायलं की संपलं, पुढच्या आठवड्याला माणूस पुन्हा हजर.

पण पहिल्याच दिवशी पोशन बनवायला बसू नका. ४० लेव्हलला घोड्यासाठी स्किल आणि घोडा मिळून साधारण १०० गोल्ड लागतं आणि तोवर खिसा रिकामाच असतो. म्हणून ४० पर्यंत दोन्ही जागा माल गोळा करणाऱ्या प्रोफेशनला द्या: एक स्किनिंग (जनावराचं कातडं काढणं), दुसरं मायनिंग (खाणकाम) किंवा हर्बलिझम (झाडपाला वेचणं). मायनिंग आणि हर्बलिझम एकत्र घेण्याचा मोह आवरा. मिनीमॅपवर एका वेळी एकच ट्रॅकिंग चालतं, त्यामुळे खाण शोधताना झाडपाला दिसत नाही आणि झाडपाला शोधताना खाण. स्किनिंगला ट्रॅकिंगची गरजच नाही, मारलेलं जनावर समोर पडलेलं असतं.

यात नेहमी होणारी गडबड म्हणजे लेव्हल पुढे आणि स्किल मागे. मिथ्रिलला १७५ स्किल लागतं. १३० स्किल घेऊन टॅनारिसला गेलात तर खाणी दिसतील, हात लावता येणार नाही, आणि मग कमी लेव्हलच्या भागात परत जाऊन लोखंड खणत बसावं लागतं. स्किनिंगचा हिशेब सोपा आहे: २० च्या पुढच्या जनावरासाठी लेव्हलच्या पाचपट स्किल. ४० लेव्हलच्या जनावराला २००, ६० च्या जनावराला पूर्ण ३००. आणि बॅगेत मायनिंग पिक, स्किनिंग नाइफ आहेत का ते शहर सोडण्याआधी बघा. ऐन वेळी आठवलं तर पायपीट ठरलेली.

४० नंतर पैशासाठी एकच निवडायचं तर अल्केमी (पोशन बनवणं), जोडीला हर्बलिझम. स्किनिंग सोडताना जीवावर येतं, पण सोडावं लागतं. आधी मायनिंग धरलं असेल तर तेही जाईल, म्हणून अल्केमीचा विचार पक्का असेल तर सुरुवातीलाच हर्बलिझम घ्या.

अल्केमी वाढवताना एक चूक जवळजवळ सगळे करतात. सुरुवातीला मायनर हीलिंग पोशन बनतं: एक पीसब्लूम, एक सिल्व्हरलीफ, एक रिकामी कुपी. साठ-एक झाली की लोक ती दुकानदाराला फुंकून टाकतात. मग ५५ स्किलला लेसर हीलिंग पोशन शिकतात आणि तेव्हा कळतं की त्यात एक ब्रायरथॉर्न आणि एक मायनर हीलिंग पोशनच लागतं. पुन्हा पीसब्लूम वेचायला! तेव्हा पहिली पोशनं बँकेत टाका. रेसिपीचा रंगही बघत जा: केशरी असेपर्यंत प्रत्येक वेळी स्किल वाढतं, पिवळ्याला बहुतेकदा, हिरव्याला क्वचित, करड्याला कधीच नाही. हिरवी रेसिपी रेटत बसलात तर झाडपाला फुकट जातो. त्यापेक्षा ट्रेनरकडे जाऊन पुढची शिका.

खरी कमाई वरच्या टप्प्यात आहे. एलिक्सर ऑफ द मंगूसला २८० स्किल, २ माउंटन सिल्व्हरसेज, २ प्लेगब्लूम आणि एक क्रिस्टल कुपी. मेजर माना पोशनला २९५ स्किल, ३ ड्रीमफॉइल, २ आइसकॅप आणि कुपी. ग्रेटर फायर प्रोटेक्शन पोशनला एक एलिमेंटल फायर, एक ड्रीमफॉइल, कुपी. मोल्टन कोअर या रेडमध्ये रॅग्नारॉस या शत्रूपुढे उभं राहणारी मंडळी हे हमखास मागतात. मोठ्या रेडचं रीसेट (नवी फेरी सुरू होणं) अमेरिकी सर्व्हरवर मंगळवारी आणि युरोपातल्यावर बुधवारी होतं. माल त्याच संध्याकाळी ऑक्शन हाउसवर (खेळातल्या लिलाव बाजारात) लावा. आठवड्याच्या शेवटी लावलेला तसाच परत येण्याची शक्यता जास्त.

फ्लास्कच्या (जास्त ताकदीच्या पोशनच्या) नादी मात्र लवकर लागू नका. फ्लास्क ऑफ सुप्रीम पॉवरला ३० ड्रीमफॉइल, १० माउंटन सिल्व्हरसेज आणि एक ब्लॅक लोटस लागतं. ब्लॅक लोटसवर सगळ्या सर्व्हरचा डोळा असतो. शिवाय फ्लास्क अल्केमी लॅबमध्येच बनतो, म्हणजे स्कोलोमान्स किंवा ब्लॅकविंग लेअरमध्ये जावं लागतं.

अल्केमीची दुसरी बाजू ट्रान्सम्यूटची, म्हणजे एका वस्तूचं दुसरीत रूपांतर करण्याची. २७५ स्किलला एक थोरियम बार आणि एक आर्केन क्रिस्टल मिळून एक आर्केनाइट बार होतो. बॅगेत फिलॉसॉफर्स स्टोन हवा. रेसिपी गॅजेटझान गावच्या पेसलझग या विक्रेत्याकडे मर्यादित संख्येत मिळते, कुणी आधी उचलली असेल तर थांबा. एकदा केलं की साधारण दोन दिवस पुन्हा करता येत नाही आणि याच अडवणुकीमुळे बारला भाव असतो. फायदा काढताना ऑक्शन हाउसचा ५ टक्के कट विसरू नका. समजा क्रिस्टल ३० गोल्डला, थोरियम बार १ ला आणि आर्केनाइट ३८ ला आहे. कागदावर ७ दिसतात, कट १.९ जातो, हातात ५.१ राहतात. आर्केनाइट ३२ ला घसरला तर बनवणं म्हणजे तोटाच. गॅजेटझान, बूटी बे, एव्हरलूकच्या ऑक्शन हाउसमध्ये कट १५ टक्के आहे, तिथे विकू नका.

२२५ च्या पुढचं स्किल शिकायला ३५ लेव्हल पुरते, ६० लागत नाही. म्हणून अनुभवी लोक ३५ लेव्हलचा दुसरा अल्केमिस्ट तयार ठेवतात, दोन दिवसांनी लॉगिन करून ट्रान्सम्यूट करतात आणि निघतात.

टेलरिंगला माल गोळा करणारं जोड-प्रोफेशन लागत नाही, कापड माणसासारख्या शत्रूंकडून पडतंच. रुनक्लॉथ बॅगला १४ खाने असतात. त्यासाठी रुनक्लॉथचे ५ बोल्ट म्हणजे २५ कापडं, २ रग्ड लेदर आणि एक रुन थ्रेड लागतो. बॅग एकदाच घेतात हे खरं, पण प्रत्येक नवं कॅरेक्टर म्हणजे नवं गिऱ्हाईक. मूनक्लॉथ २ फेलक्लॉथपासून, मूनवेल या जादुई विहिरीजवळ, चार दिवसांतून एकदाच. दोन्ही पॅटर्न (टेलरिंगच्या रेसिपी) एव्हरलूकच्या किया या विक्रेतीकडे मिळतात.

एंचांटिंगमध्ये (वस्तूंवर जादू चढवण्यात) पैसे आहेत, पण बसून राहायची तयारी हवी. एंचांट ऑक्शनवर लावता येत नाही. गिऱ्हाईक समोर येतं, ट्रेड खिडकीतल्या सर्वांत खालच्या, न विकायच्या खान्यात तलवार ठेवतं आणि तुम्ही तिच्यावर एंचांट करता. मॅट्स (लागणारा माल) वरच्या खान्यांत आधी आलेत का ते बघून मगच बटण दाबा. क्रूसेडर या एंचांटला ४ लार्ज ब्रिलियंट शार्ड आणि २ रायचस ऑर्ब जातात, चुकून स्वतःचे गेले तर दिवसाची कमाई पाण्यात.

इंजिनिअरिंग पैशासाठी घेऊ नका. बॉम्ब आणि सॅपर चार्ज वापरणाऱ्यालाही इंजिनिअरिंग लागतं, त्यामुळे गिऱ्हाईक तोकडं. पीव्हीपी (खेळाडूविरुद्ध खेळाडू लढती) आणि रेडसाठी मात्र याला तोड नाही. लेदरवर्किंग हौसेपुरतं ठीक.

शिकण्याआधी आठवडाभर आपल्या सर्व्हरवर ड्रीमफॉइल, आइसकॅप, आर्केन क्रिस्टल आणि रुनक्लॉथ यांचे भाव रोज एकाच वेळी वहीत टिपा, शेजारी तयार मालाचे भाव. ५ टक्के वजा करून ज्या ओळीत सातही दिवस फरक उरतो, तिथून सुरुवात करा.