मिलिव्होल्ट ते मेगाव्होल्ट: एकक बदलताना या चुका टाळा

कोराडीच्या वीज केंद्राच्या स्विचयार्डात ४०० किलोव्होल्ट, मेट्रोच्या वरच्या तारेत २५ किलोव्होल्ट, घरच्या सॉकेटात २३० व्होल्ट, बुटीबोरीतल्या एखाद्या भट्टीच्या थर्मोकपलवर (तापमान मोजणाऱ्या दोन धातूंच्या तारांच्या जोडावर) ४० मिलिव्होल्ट आणि मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात रुग्णाच्या छातीला लावलेल्या ईसीजीच्या तारांवर जेमतेम १ मिलिव्होल्ट. पहिल्या आणि शेवटच्या आकड्यात ४० कोटी पटींचं अंतर आहे. यात सहा शून्यं चुकली तर कुणीही ओळखतं. फसवते ती एका घराची चूक, कारण तिचं उत्तर खरं वाटतं.

मेगा म्हणजे लाख नव्हे

मराठीत शिकलेल्यांची सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. आपली मोजणी हजारानंतर दोन-दोन शून्यांनी वाढते: लाख, कोटी. किलो, मेगा, गिगा मात्र तीन-तीन शून्यांनी चढतात. मिली, मायक्रो, नॅनो तसेच तीन-तीनने उतरतात. त्यामुळे १ मेगाव्होल्ट म्हणजे १० लाख व्होल्ट.

४०० किलोव्होल्ट आपण ४,००,००० व्होल्ट असं लिहितो. त्यात स्वल्पविराम दोन दिसतात, म्हणून घाईत "दोन टप्पे, म्हणजे मेगा" असं धरून ४ मेगाव्होल्ट लिहिलं जातं. बरोबर उत्तर ०.४ मेगाव्होल्ट. ७६५ किलोव्होल्टच्या वाहिनीचंही तसंच: ७ लाख ६५ हजार व्होल्ट, म्हणजे ०.७६५ मेगाव्होल्ट, ७.६५ नव्हे. चंद्रपूर–पडघे ही डीसी वाहिनी अधिक-उणे ५०० किलोव्होल्टची आहे. तिच्या एका ध्रुवापासून जमिनीपर्यंत ५ लाख व्होल्ट असतात आणि दोन ध्रुवांमध्ये १० लाख. तिथे कुठे पूर्ण १ मेगाव्होल्ट होतो.

उपाय साधा आहे. एकक बदलण्याआधी आकडा उजवीकडून तीन-तीनच्या गटांत पुन्हा लिहून घ्या, मगच दशांशचिन्ह हलवा. लाख-कोटीत वाचायचं असेल तर ते उत्तर आल्यावर.

दशांशचिन्ह उलट्या दिशेला जाणं

एकक लहान झालं की आकडा मोठा होतो. ०.०४१२ व्होल्ट म्हणजे ४१.२ मिलिव्होल्ट, म्हणजेच ४१,२०० मायक्रोव्होल्ट. शून्याच्या पलीकडे जाताना, म्हणजे किलोवरून मिलीवर येताना, गोंधळ वाढतो. किलोचा दहावरचा घात अधिक ३, मिलीचा उणे ३; जुन्यातून नवा वजा करा: ३ − (−३) = ६. म्हणून ०.२३ किलोव्होल्ट म्हणजे २,३०,००० मिलिव्होल्ट. चिन्ह विसरून ३ − ३ = ० केलं की आकडा तसाच राहतो. खात्री नसेल तर मध्ये व्होल्टवर थांबा आणि दोन पायऱ्यांत जा.

लहान एम, मोठा एम आणि हरवलेला म्यू

लहान एम म्हणजे मिली, मोठा एम म्हणजे मेगा. दोघांत १०० कोटी पटींचा फरक. व्होल्टेजच्या बाबतीत ही चूक सहसा पकडली जाते. न पकडली जाणारी चूक संगणकावर होते. जुन्या फायलींमध्ये मायक्रोचं म्यू चिन्ह सिम्बॉल फॉन्ट लावून लहान एमपासून बनवलेलं असतं. फाइल दुसऱ्या संगणकावर गेली, फॉन्ट बदलला, की म्यूचा पुन्हा एम होतो आणि ५० मायक्रोव्होल्टचे ५० मिलिव्होल्ट छापले जातात. डेटाशीटची नक्कल करताना मूळ पीडीएफशी ताडून पाहा. म्यू मिळत नसेल तर "मायक्रोव्होल्ट" असं अक्षरी लिहा.

एक्सेलमध्ये रकान्याला दोनच दशांश ठेवले असतील तर ०.००००३५ व्होल्ट ०.०० दिसतं. आत आकडा शाबूत असतो, पण अहवालात हातानं उतरवला की गेला. अशा रकान्याचं एककच मायक्रोव्होल्ट ठेवा: ३५.

थर्मोकपल: इथे सगळ्यात जास्त जपा

के-प्रकारचं थर्मोकपल दर अंशाला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट देतं. भट्टी १००० अंश सेल्सिअसला असेल तर तक्त्यात ४१.२७६ मिलिव्होल्ट सापडतात, पण हा तक्ता थंड टोक (भट्टीबाहेरचं, मीटरला जोडलेलं टोक) ० अंशावर धरून केलेला आहे. मे महिन्यात नागपुरातल्या पॅनेलमधलं टर्मिनल ४५ अंशांवर असतं. ४५ अंशांचे १.८१७ मिलिव्होल्ट वजा होतात आणि मीटरवर ३९.४५९ मिलिव्होल्टच दिसतात. हा आकडा थेट तक्त्यात शोधला तर उत्तर येतं सुमारे ९५४ अंश.

दुरुस्ती करताना मिलिव्होल्टमध्ये मिलिव्होल्टच मिळवायचे: ३९.४५९ + १.८१७ = ४१.२७६, मग तक्ता. अंशांत अंश मिळवणाऱ्याला ९५४ + ४५ = ९९९ मिळतं आणि पद्धत बरोबर वाटते. पण उतार (दर अंशाचे मायक्रोव्होल्ट) सगळीकडे सारखा नसतो, त्यामुळे तीच पद्धत दुसऱ्या तापमानाला दगा देते.

एककाची चूक नेमकी इथेच शिरते. थंड टोकाचा आकडा १८१७ मायक्रोव्होल्ट असा मिळाला आणि तो सरळ मिळवला, तर १८५६ असं अशक्य उत्तर येऊन चूक उघडी पडते. पण १८१७ मायक्रोव्होल्टचे ०.१८१७ मिलिव्होल्ट केले तर बेरीज ३९.६४ होते, भट्टी ९५८ अंशांची भासते आणि कुणाला शंका येत नाही. मग ४२ अंशांनी जास्त इंधन जाळलं जातं.

मीटरची रेंजही पाहा. साध्या साडेतीन अंकी मल्टिमीटरला २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर ०.१ मिलिव्होल्ट दिसतो, म्हणजे अडीच अंश. तोच २ व्होल्टच्या रेंजवर १ मिलिव्होल्टनं उडी मारतो, म्हणजे जवळपास २५ अंश. तिथे दिसलेले ०.०३९ व्होल्ट "३९,००० मायक्रोव्होल्ट" असे लिहू नका. शेवटची तीन शून्यं मोजलेली नाहीत.

प्रोग्राममध्ये गिळले जाणारे मिलिव्होल्ट

कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये एलएम३५ हा तापमानाचा सेन्सर आणि अर्डुइनो उनो हा छोटा प्रोग्रामेबल बोर्ड ही जोडी नेहमीची. सेन्सर दर अंशाला १० मिलिव्होल्ट देतो, ४५ अंशांना ४५०. बोर्डवरच्या दहा बिटांच्या एडीसीवर (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागावर) ५ व्होल्ट धरून ९२ हे वाचन मिळतं. आता ९२ × ५००० ÷ १०२४ केलं तर ४४९ मिलिव्होल्ट यायला हवेत. स्क्रीनवर येतो १. कारण उनोवर इंट (पूर्णांक साठवायचा नेहमीचा प्रकार) १६ बिटांचा, ३२,७६७ पर्यंतच मोजतो. ४,६०,००० त्यात मावत नाही, उलटून १,२४८ उरतात आणि भागाकार १ येतो. ५००० च्या पुढे एल लावून गणित लाँगमध्ये (मोठ्या पूर्णांकाच्या प्रकारात) करा. आधी ५ ÷ १०२४ केलं तर पूर्णांक भागाकारात ० मिळतो, मग पुढे सगळंच शून्य.

यूएसबीवरचे ५ व्होल्ट प्रत्यक्षात ४.७ असतील तर तेच ४५ अंश ४७.८ दिसतात. पाचाच्या पिनवर मल्टिमीटर लावून खरा आकडा टाका.

डेसिबलला हजारानं भागू नका

केबल टीव्हीच्या मीटरवर ७५ डेसिबल-मायक्रोव्होल्ट दिसलं तर मिलीत आणण्यासाठी ६० वजा करायचे, कारण हजार पट म्हणजे ६० डेसिबल. उरले १५ डेसिबल-मिलिव्होल्ट, म्हणजे सुमारे ५.६ मिलिव्होल्ट. डेसिबलवरून परत व्होल्टेज काढताना भाजक २० (१० चा १५ ÷ २० वा घात). १० हा पॉवरसाठी. ऑप-अँपच्या (सिग्नल वाढवणाऱ्या चिपच्या) नॉइजचंही असंच वेगळं गणित आहे: रूट हर्ट्झमागे ५ नॅनोव्होल्ट आणि बँडविड्थ १० किलोहर्ट्झ असेल तर १०,००० नं नव्हे, त्याच्या वर्गमुळानं, १०० नं गुणा. उत्तर ५०० नॅनोव्होल्ट.

उच्च दाब

११ किलोव्होल्टच्या पीटीचं (मोजण्यासाठी दाब कमी करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचं) गुणोत्तर ११,००० भागिले ११०, म्हणजे १००. मीटरवर १०८ व्होल्ट असतील तर लाइनला १०.८ किलोव्होल्ट. ११ ÷ ११० = ०.१ असं मांडलं तर उत्तर १०.८ येतं खरं, पण ते किलोव्होल्टमध्ये असतं. त्यापुढे "व्होल्ट" लिहिलं की नोंद बिघडली. ६३.५ व्होल्ट दिसले म्हणून दाब पडला असं समजू नका, ते फेज ते न्यूट्रल मोजमाप असू शकतं.

डीपीच्या (गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरच्या) पाटीवरचे १०० केव्हीए हे व्होल्टेज नव्हे, ती क्षमता. व्होल्टेज वेगळं लिहिलेलं असतं: ११,००० आणि ४३३ व्होल्ट.

मेगरवर (इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरवर) ५०० व्होल्ट काही ठिकाणी ०.५ किलोव्होल्ट असं छापलेलं असतं. ते ५ वाचून ४१५ व्होल्टच्या मोटारीवर ५ किलोव्होल्ट सोडले तर चांगलं वाइंडिंगसुद्धा फुटू शकतं. नॉब फिरवल्यावर आकडा व्होल्टमध्ये मोठ्यानं म्हणा, "पाचशे", मगच बटण दाबा. चाचणीनंतर वाइंडिंग अर्थ करून डिस्चार्ज होऊ द्या, तोवर टर्मिनलला हात नको.