सहा महिने पोरीकडं जायलेत? मग आधी चार्जरची पाठ वाचा

माझं परभणीत मोबाईल ॲक्सेसरीचं छोटं दुकान आहे, आणि उन्हाळा लागला की न्यू जर्सी नाहीतर जर्मनीला निघालेले काका-काकू यायलाच लागतात. पहिला प्रश्न ठरलेला, "तिकडं आपला चार्जर चालतो का रे?"

काका, उत्तर चार्जरच्या पाठीवरच लिहिलेलं असतंय, फक्त अक्षरं मुंगीएवढी असतात म्हणून कोणी वाचत नाही. मोबाईलनं फोटो काढा, झूम करा आणि 'इनपुट'ची ओळ शोधा. तिथं १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं असलं की तो चार्जर जगात कुठंही चालतो. आपल्याकडं २३० व्होल्ट (कागदावर हो, रात्री शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की किती येतात ते आपल्यालाच माहीत), अमेरिकेत १२०, जपानात १००. मोबाईल, लॅपटॉप, कॅमेरा यांचे चार्जर बहुतेक सगळीकडं चालणारेच असतात. गोची होती ती तापणाऱ्या नाहीतर फिरणाऱ्या वस्तूंची. हेअर स्ट्रेटनर, किटली, पाण्याचा रॉड, आणि हो, मिक्सर! आपला २३० चा मिक्सर अमेरिकेत लावला तर नुसता घुरघुर करतो, शेंगदाण्याची चटणी त्याच्यानं होणार नाही. तिकडच्यासाठी ११० व्होल्टचे मिक्सर आपल्याकडंच मिळतात, तो घ्या. उलटं तर करूच नका, तिकडून आणलेला फक्त १२० वाला ड्रायर इथं लावला की धूर निघतो.

आता पिन. ॲडॉप्टर फक्त पिनचा आकार बदलतो, व्होल्टेज बदलत नाही, हे लई जण विसरतात. अमेरिका, जपान म्हणजे दोन चपट्या पिना. इंग्लंड, दुबई, सिंगापूर, आणि उमऱ्याला जाणार असाल तर सौदीत पण, तीन चौकोनी जाड पिना. जर्मनी-फ्रान्सला दोन गोल, तिथं आपला दोन पिनवाला मोबाईल चार्जर बऱ्याचदा तसाच बसतो, पण लॅपटॉपची तीन पिनवाली जाड वायर बसत नाही. सगळ्या देशांचं मिळून एक असलं युनिव्हर्सल ॲडॉप्टर लोक हौसेनं घेतात, मला नाही आवडत, सॉकेटात लोंबकळतं आणि त्यातल्या बहुतेकांत अर्थिंगच नसतंय. ज्या देशात जायचं तिथलं साधं एक घ्या, आणि त्याच्या जोडीला इथला आपला छोटा एक्सटेन्शन बोर्ड बॅगेत टाका. एका ॲडॉप्टरवर चार चार्जर लागतात, काकांचा, काकूंचा, भांडण नाही. फक्त त्या बोर्डवर इस्त्री किंवा किटली लावू नका.

चार्जर पण ढीगभर नेऊ नका. ६५ वॉटचा दोन-तीन पोर्टवाला गॅन चार्जर (ताकद जास्त पण आकारानं छोटा असा नवा प्रकार) एकच घ्या, मुठीत मावतो आणि त्याच्यावर लॅपटॉपसुद्धा चालतो, लॅपटॉप यूएसबी-सीवर (ती उलटी-सुलटी कशीही बसणारी छोटी लंबगोल पिन) चार्ज होणारा असला तर. युरोपात डिसेंबर २०२४ पासून नव्या मोबाईलला यूएसबी-सीच लागतंय, म्हणजे केबल विसरली तरी कोणाचीतरी मिळते. केबल मात्र चांगली घ्या, मी दुकानदार असून सांगतो, पन्नास रुपयाच्या केबलनं ६५ वॉट जात नसतात. बीपीच्या मशीनला पेन्सिल सेल लागतात, दोन जोड्या जास्तीच्या ठेवा.

आता पॉवर बँक, इथं माझीच फजिती झालेली आहे. पहिल्यांदा गेलो तेव्हा मोठ्या बॅगेत, चिवड्याच्या डब्याखाली ठेवली होती, बॅग मशीनमधून गेली आणि पाच मिनिटात माझं नाव पुकारलं, मग सगळ्यांसमोर बॅग उघडून चिवडा, लाडू, लोणचं सगळं बाहेर. पॉवर बँक कायम हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये कधीच नाही. किती मोठी चालते तर १०० वॉट-अवरपर्यंत (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप). हिशोब सोपा आहे, एमएएचला, म्हणजे बँकेवर छापलेल्या १०,०००, २०,००० अशा आकड्याला, ३.७ नं गुणा आणि हजारानं भागा. २०,००० ची झाली ७४, बिनधास्त चालते. ३०,००० ची १११ होते, म्हणजे एअरलाइनची परवानगी लागते, आणि १६० च्या वर तर नाहीच. आकडा घासून गेलेली जुनी बँक नेऊ नका, आकडा दिसला नाही तर काढून घेऊ शकतात. शिवाय २०,००० ची म्हणून ५,००० चा मोबाईल चारदा भरत नाही, अडीच-तीनदा भरतो, बाकी उष्णतेत आणि व्होल्टेज बदलण्यात जातंय, दुकानदारानं फसवलं नाही.

२०२५ पासून विमानातले नियम पण कडक व्हायलेत. त्या जानेवारीत दक्षिण कोरियात एअर बुसानचं विमान उभ्या-उभ्या जळालं, संशय पॉवर बँकेवर आला, त्यानंतर तिकडं पॉवर बँक वरच्या कप्प्यात ठेवायला बंदी आली. दुबईवरून जाणार असाल तर एमिरेट्सनं १ ऑक्टोबर २०२५ पासून माणशी एकच ठेवलीय, आणि विमानात ती वापरायचीच नाही. चीनमधल्या देशांतर्गत विमानात जून २०२५ पासून ३सीचा शिक्का (चीनचा सुरक्षेचा शिक्का) नसलेली पॉवर बँक चालत नाही. म्हणून इथून निघताना मोबाईल फुल करूनच निघा. देवगिरीनं मुंबईला जायलेत तर रात्री डब्यातल्या सॉकेटच्या भरवशावर राहू नका, तिथं आधीच तिघांचे मोबाईल लटकलेले असतात.

निघायच्या आठ दिवस आधी सगळं सामान घरी एकदा लावून बघा, तोच चार्जर, तीच केबल, तोच बोर्ड. आणि काकूंकडून नेलपॉलिश मागून चार्जरवर एक लाल ठिपका द्या, पोरीच्या घरी सगळ्यांचे चार्जर पांढरेच असतात आणि जावईबापूंचा उचलून आणला की परत पाठवायला कुरिअरचा खर्च चार्जरपेक्षा जास्त येतो.