मैत्रिणीला कर्ज झालंय? आधी तिचा आकडा ऐका

आमच्या व्हॉट्सॲप गटाचं नाव 'कडक भाकरी'. सहाजणी आहोत, सगळ्या एका शाळेतल्या. नावं सांगत नाही. गटातसुद्धा आम्ही एकमेकींना राहत्या भागावरूनच हाक मारतो : कुंभारी, शेळगी, बाळे, जुळे सोलापूर (हे सगळे सोलापूरकडचे), पुणे (ती हडपसरला असते) आणि मी अशोक चौक. मी गणवेशाच्या कारखान्यात ओव्हरलॉक शिलाई मशीनवर बसते. नवरा टॉवेलच्या कारखान्यात, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. बँकेत नोकरीला आमच्यातली एकही नाही. तरी चार वर्षांत तिघींची कर्जं गटाच्या आधाराने निम्म्यावर आली. ते कसं केलं, तेवढं सांगते.

गट लहानच ठेवा. शाळेचा मोठा गट आमचाही आहे, 64 जणांचा. तिथे गुड मॉर्निंगची फुलं येतात आणि सिद्धेश्वर यात्रेतले फोटो येतात. तिथे कुणी लिहिणार नाही की हप्ता चुकला. (नवऱ्याच्या मित्रांच्या गटात तर 'काय बे, चहा पाज' याच्यापुढे गाडीच जात नाही. त्यांचंही कर्ज आहे, मला माहीत आहे.) जिच्या घरी आपण जेवलोय आणि जी आपल्या घरी रडलीय, तेवढ्याच बायका घ्या. नियम दोनच : इथलं बाहेर जाणार नाही, नवऱ्यालासुद्धा दाखवायचं नाही. आणि 'मी तुला म्हटलं होतं' हे वाक्य बंद.

आता आकडा. आमच्याकडे सगळं इथूनच सुरू होतं. मला कुणी विचारलं की किती देणं आहे, तर मी म्हणायचे, 'असेल लाखभर.' एका रविवारी रात्री जुळे सोलापूरने व्हिडिओ कॉलवर वही काढायला लावली. 'असेल नको, लिही.' लिहिलं. एका फायनान्सचे 42,000 बाकी, दुसऱ्याचे 31,500. सोनं तारण 60,000. मोबाइलच्या ॲपवरचे 14,000. गल्लीतल्या माणसाकडून व्याजाने घेतलेले 25,000. किराणा दुकानाची उधारी 6,500. बेरीज 1,79,000. कॉलवर कुणी काही बोललं नाही. बाळेच्या घरातला कुकर तेवढा वाजला. मग कुंभारी म्हणाली, 'अगं, माझं दोनच्या वर आहे.' तिने ते आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

तुम्हीही असंच करा. कागदावर पाच रकाने : कुणाचं, मुद्दल किती बाकी, हप्ता किती, कोणत्या तारखेला, व्याज किती. उधारी आणि बहिणीकडून घेतलेलेही लिहायचे, तेच आपण विसरतो. फोटो गटात टाकताना 'एकदाच बघा' लावा. आधार कार्ड, पासबुक, ओटीपी गटात कधीच नको, मैत्रीण कितीही जवळची असो, कारण तिचा फोन तिच्या पोराच्या हातात असतो.

ऐकणाऱ्यांनी पहिल्या रात्री सल्ला द्यायचा नाही. कठीण आहे, मला माहीत आहे, आमची शेळगी अजून जीभ चावून बसते. 'ऐकलं. उद्या नऊला बोलू' एवढं पुरतं.

दुसऱ्या दिवशी व्याज मांडायचं. शेकडा पाच ऐकायला किती लहान वाटतं! महिन्याला शंभरावर पाच, म्हणजे वर्षाला साठ. माझ्या 25,000 वर महिन्याला 1,250 जात होते. चौदा महिने दिले, 17,500 झाले, मुद्दल होतं तिथेच. पुण्याने हे फोनवर हिशोब करून सांगितलं तेव्हा मला घाम फुटला. वहीत मी फक्त हप्ते लिहीत होते, व्याज कधी वेगळं काढलंच नव्हतं.

यातला कायदाही समजून घ्या. महाराष्ट्रात सावकारीचा 2014 चा कायदा आहे. परवाना नसताना व्याजाने पैसे देण्याचा धंदा करणं गुन्हा आहे, आणि परवाना असलेल्या सावकारालाही शेतीबाहेरच्या बिनतारण कर्जावर वर्षाला 18 टक्क्यांच्या वर लावता येत नाही. तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात लेखी करता येते. मी केली नाही, खरं सांगते. त्याच गल्लीत राहायचं होतं. पण कायदा कळल्यावर माझा त्या गल्लीतल्या सावकाराशी बोलायचा आवाज बदलला.

त्याला मुद्दल एकदमच हवं होतं. इथे गटाने मला पैसे उसने दिले नाहीत, आणि ते बरं केलं. आम्ही आधी सातजणी होतो. सातवीला मी 8,000 दिले होते. ते परत आले नाहीत, आणि त्या लाजेपोटी तीही परत आली नाही. पैशाचं मी विसरले, पण तिच्याशी बोलणं तुटलं ते तुटलंच. तेव्हापासून ठरलं : उसने 500 पर्यंतच. त्याच्या वर द्यायचे असतील तर दिले म्हणून द्यायचे, परत मागायचे नाहीत.

मग आम्ही काय केलं? आमची भिशी आहे, सहाजणींची, महिन्याला 2,500. त्या महिन्याची 15,000 ची चिठ्ठी बाळेला लागली होती. तिने नंबर मला दिला, माझा तिने घेतला. नवऱ्याच्या दिवाळी बोनसचे 10,000 त्यात घातले आणि 25,000 पुरे झाले. द्यायला जाताना जुळे सोलापूर सोबत आली. काही बोलली नाही, नुसती बाजूला उभी राहिली. कर्ज घेताना त्याला दिलेला कोरा चेक आणि सही केलेला कागद मी परत घेतला आणि त्याच्यासमोरच फाडला. पैसे फेडताना एकटीने जाऊ नका. भिशीसुद्धा घर माहीत असलेल्यांचीच. फोनवरून अनोळखी माणूस चालवतो ती भिशी नव्हे.

फायनान्सच्या हप्त्यांचं वेगळं आहे. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमात, वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला असं बिनतारण कर्ज देताना सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. आधी फेडलं तर दंड नाही. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर वसुलीचा फोन करायचा नाही. आमच्या घरात 22,000 येतात, म्हणजे मर्यादा 11,000. माझे 12,700 जात होते, कारण गल्लीतला सावकार आणि किराणावाला कुठल्याच क्रेडिट रिपोर्टात, म्हणजे आपल्या नावावरच्या कर्जांच्या नोंदीत, दिसत नाहीत. हा रिपोर्ट सिबिलसारख्या, कर्जांची नोंद ठेवणाऱ्या प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो. शेळगीने काढला तर फेडून झालेलं गाडीचं कर्ज अजून चालूच दिसत होतं.

ॲपचं प्रकरण कुंभारीचं. ती घरी विड्या वळते. हजार विड्या झाल्या तरी त्यात दवाखान्याचं बिल निघत नाही. एका ॲपवर 5,000 मागितले. खात्यात 3,200 आले आणि सात दिवसांत 5,000 भरा म्हणाले. आठव्या दिवशी तिच्या फोनमधल्या सगळ्यांना मेसेज गेले, की ही बाई पैसे बुडवून पळाली. मला आला, तिच्या दिरालाही गेला. आम्ही लगेच चार गोष्टी केल्या. पुण्याने तिच्या नातेवाइकांना एकेक फोन करून सांगितलं की ही फसवणूक आहे, उत्तर देऊ नका. शेळगीने सगळ्या मेसेजचे स्क्रीनशॉट जमवले. मी तिच्या घरी जाऊन बसले. आणि ॲपला फोनमधले नंबर बघायची जी परवानगी होती, ती सेटिंगमध्ये जाऊन काढली. हे आधीच करायला हवं होतं. त्याच 2022 मध्ये रिझर्व्ह बँकेने डिजिटल कर्जाचेही नियम काढलेत : ॲपने नंबर, फोटो बघायचे नाहीत, आणि सगळा खर्च धरून वर्षाचा दर किती ते कर्जाआधी लेखी द्यायचं. ऑनलाइन फसवणुकीसाठी 1930 हा नंबर आहे. त्यावर तक्रार केली आणि पावतीचा क्रमांक गटात टाकला, म्हणजे तिचा कागद हरवला तरी सहा ठिकाणी राहील.

दिराच्या तोंडून ऐकावं लागलं, याचा कुंभारीला ॲपच्या माणसांपेक्षा जास्त त्रास झाला. दोन दिवस ती 'आता बास झालं' असं लिहीत होती. असं कुणी लिहिलं तर गटात उत्तर टाइप करत बसू नका. फोन करा, जमलं तर जा, एकटी सोडू नका. 14416 वर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनची फुकट मदत मिळते, मराठीत बोलता येतं. आम्ही दोघींनी मिळून तो नंबर लावला.

कामाचं म्हणाल तर दर उघड सांगा. कारखान्यात नगाला किती देतात हे बायका एकमेकींना सांगत नाहीत आणि तिथेच मार खातात. मे महिन्यात गणवेशाच्या गर्दीत मान वर करायला फुरसत नसते, तेव्हा शिवायच्या कापडाचे जादा कट्टे मी शेळगीकडे पाठवते, माझ्याच दराने. पावसाळा सरला की काम कमी, तेव्हा बाळेच्या शेंगा चटणीची पाकिटं भरायला मी जाते. घरबसल्या कामाची जाहिरात आली तर एकच बघायचं : ते आधी पैसे मागतात का? मागत असतील तर ते काम नव्हे.

बाकी रोजचं. आमच्याकडे पाणी रोज येत नाही, त्यामुळे गटातला सगळ्यात जास्त लिहिला जाणारा मेसेज 'पाणी आलं' हाच. त्याच्या पाठोपाठ, 'पोराला शाळेतून कोण आणेल.' कर्जाबद्दल आम्ही महिन्यातून एकदाच बोलतो, पहिल्या रविवारी रात्री नऊला, प्रत्येकीने फक्त बाकी आकडा लिहायचा. माझा मागचा 71,400 होता. कुंभारीचा वाढला होता, मुलीच्या ॲडमिशनमुळे. तिने तो लिहिला.

पहिला मेसेज कसा लिहावा सुचत नसेल तर माझाच उचला, बदल करून पाठवा : 'अगं, मला देणं झालंय. किती ते मलाच नीट माहीत नाही. रविवारी अर्धा तास वही घेऊन माझ्यासोबत बसशील? पैसे नकोत.'